आवाज न करणारा कॉम्प्युटर

माधवनगर,
९ नोव्हेंबर २०२५

शौनक,

हे पत्र भावनिक नाही, तांत्रिक आहे. तेव्हा फाडायचंच असेल तर दुसरा परिच्छेद वाचून फाड.

मला एक जुना कॉम्प्युटर घ्यायचा आहे. कॉलेजच्या सुट्ट्यांत हँडीकॅम घेऊन तू घरभर फिरायचास, त्या सगळ्या फिती चार हार्डडिस्कवर आहेत आणि हार्डडिस्क आईच्या चकल्यांच्या डब्यात. त्या एका यंत्रात भरायच्या, यंत्र टीव्हीला जोडायचं, मग हवी ती फीत एका बटणावर लागते म्हणे. याला मीडिया सर्व्हर म्हणतात, हे मला आमच्या कॉलेजातल्या कॉम्प्युटरच्या सरांनी सांगितलं. बराच वेळ समजावून शेवटी म्हणाले, "मॅडम, घरात कोणी जाणकार नाही का?" म्हटलं, आहे. घरात नाही, पण आहे.

नवा घेणं सध्या जमणार नाही, इतर खर्च निघाले आहेत. कसले ते तू विचारणार नाहीस, म्हणून मीही सांगत नाही.

अपेक्षा थोड्याच आहेत. आवाज अजिबात नको, कारण ज्या खोलीत तो ठेवायचा तिथे माणूस दिवसभर असतो. वीज गेली आणि परत आली की त्याने आपला आपण सुरू व्हायला हवं, उठून बटण दाबायला कोणी जवळ असेलच असं नाही. पडद्यावरची अक्षरं मोठी हवीत, आडवं पडून दिसतील इतकी. आणि सगळं एका हाताने व्हायला हवं. डाव्या.

अप्पा ठीक आहेत.

हे वाक्य वाचून तुझा चेहरा कसा होईल ते मला इथून दिसतं. चार वर्षांपूर्वी "आई ठीक आहे" असं मी तुला फोनवर सांगत राहिले. अबोलीचे दिवस भरत आले होते, आणि आईनेच बजावलं होतं की पोराला आत्ता काही कळवू नका. तेराव्याला तू ओट्याशी उभा राहून म्हणालास, "या घरात माणूस गेल्यावरच फोन लागतो." त्यानंतर तुझा फोन आम्हाला कधी लागला नाही. वाक्य चांगलं होतं. मी त्यात चूक शोधून पाहिली, सापडली नाही.

तर उत्तर फक्त कॉम्प्युटरविषयी दिलंस तरी चालेल.

उमाताई

ता. क. अबोलीला आशीर्वाद. तुमच्या लेकीचं नाव काय ठेवलंत ते मला ठाऊक नाही, तेव्हा तिच्यासाठी इथे जागा कोरी सोडते. तूच भर.


माधवनगर,
२४ नोव्हेंबर २०२५

शौनक,

उत्तर पोचलं. तुझं आहे हे पाकिटावरच्या शिरवळच्या शिक्क्यावरून कळलं, कारण आत नाव नाही, तारीख नाही, नमस्कार नाही. "आय-फाइव्ह, आठवी पिढी किंवा पुढची. रॅम आठ जीबी. सिस्टीमसाठी एसएसडी. फितींच्या दोन प्रती." तेही छापून, अक्षरसुद्धा आमच्या वाट्याला येऊ नये म्हणून. सूत्र उत्तम आहे. सूत्रावर भाष्य लागतं, ते मी लिहिते.

"दोन प्रती" ऐकून अप्पा खूश झाले. वाईच्या पाठशाळेत असताना त्यांच्या हाती पोथी देत नसत. तोच मंत्र सरळ म्हणायचा, मग दोन-दोन शब्दांच्या जोड्यांनी, मग उलटसुलट विणून; एक वीण विसरली तर दुसरी धरून ठेवते. "म्हणजे शौनकने शेवटी माझंच शास्त्र उचललं," म्हणाले, आणि हसले. ▬▬▬▬▬▬▬▬▬▬

वरती खोडलं आहे ते उजेडात धरून वाचू नये. पत्र पाकिटात घालण्याआधी मला अप्पांना वाचून दाखवावं लागतं, अशी अट आहे. यंत्राविषयीच्या वाक्यांना ते हरकत घेत नाहीत. बाकीची शिक्षकी नजरेने तपासतात.

सांगलीत स्टँडच्या मागे हंबीरराव म्हणून एक गृहस्थ जुने कॉम्प्युटर विकतात. आधी ट्रॅक्टरच्या टायरी विकायचे. त्यापेक्षा कॉम्प्युटर बरे म्हणाले, हवा भरावी लागत नाही. ऑक्टोबरपासून त्यांच्याकडे ठेवायला जागा नाही. जुन्या विंडोजमधून कंपनीने हात काढून घेतला, म्हणून पतसंस्थांनी आणि कारखान्यांनी चालती-बोलती यंत्रं बाहेर काढली.

"मशीनला काय सुदिक झालेलं न्हाई म्याडम," हंबीरराव म्हणाले. "निस्तं वय झालंय म्हणून घालवलंय."

पहिलं यंत्र एका पतसंस्थेतलं. खंडेनवमीच्या हळदीकुंकवाचे थर समोर इतके की झाडाच्या वलयांसारखं वय मोजता आलं असतं. बाकी तुझं सूत्र तंतोतंत. त्यांनी ते सुरू केलं. मी खाली वाकले, गुडघे टेकले आणि कान खाटेच्या उंचीला नेला.

"काय पडलं का म्याडम?"

"नाही. आवाज ऐकतेय."

"आवाज हाय कुठं? आवं, शेजारी गुऱ्हाळ चालू आसंल तर आयकू बी यायचं न्हाई."

"आमच्या शेजारी गुऱ्हाळ नाही. खोलीत वडील असतात."

"आजारी हायत व्हय?"

"ठीक आहेत."

"मग काय! आमचं म्हातारं मळणीच्या मशीनशेजारी झोपायचं. मशीन बंद झालं की जागं व्हायचं."

मी नको म्हटलं. पंखा घुरघुरत होता, आणि आमच्या खोलीत घुरघुरीचं एक काम आधीच चालू असतं.

हल्ली मी कॉलेजात जात नाही. रजा साठली होती. मनुबाई म्हणून पलूसकडच्या एक बाई सकाळी येतात त्या दिवेलागणीला जातात, घरकामाला. त्यांना उसाच्या मोळ्या उचलायची सवय आहे. अशीच बाई हवी होती.

आता प्रश्न. वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याचं तू काही लिहिलं नाहीस. आणि पंख्याचं काय करायचं?

उमाताई


माधवनगर,
१० डिसेंबर २०२५

शौनक,

"बायोसमध्ये वीज परत आल्यावर चालू, हा पर्याय. पंखा नको तर मिनी पीसी. रिमोट कोणताही." या वेळी पूर्णविरामही मोजून घातलेस.

पहिली दोन वाक्यं मान्य. तिसरं नाही. कोणताही रिमोट चालणार नाही. बटणं तीनच हवीत आणि मोठी. न शोधता डाव्या अंगठ्याखाली यायला हवीत. रिमोट हातातून निसटला तर तो परत उचलता येणार नाही, म्हणून मनगटात अडकवायला दोरी हवी. टीव्ही पलंगाच्या पायथ्याशी. एवढं लिहूनही तू "डावाच का?" असं विचारलं नाहीस. विद्यार्थी असतास तर मी तुला शंका विचारायला शिकवलं असतं. ते राहून गेलं.

हंबीररावांनी काल एक मिनी यंत्र काढलं. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीतून निघालेलं, आपल्या मिसळणाच्या डब्याएवढं. पिढी आठवी. एसएसडी आत. गुडघे टेकून कान लावला, तर ते सुरू आहे की नाही हे मलाच विचारावं लागलं. दोष म्हणून नव्हता. मी म्हटलं, काळं आहे.

हंबीररावांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "म्याडम, राग मानू नगासा. तुमास्नी मशीन घ्यायचं हाय, का निस्तं बगायचं हाय?"

तुला सांगते. यंत्र घेतलं की प्रश्न संपतो, आणि प्रश्न संपला की शिरवळचा शिक्का यायचा थांबतो. कावळ्याचे नसलेले दात तपासत बसणाऱ्यांना आमच्या शास्त्रात चांगलं नाव नाही. पण माझ्याकडे अजून बरेच दात शिल्लक आहेत. पोर्ट किती असावेत? टीव्हीची केबल कोणती? जुन्या फिती त्याला पचतील का? एकेक करून लिहीत जा. सगळं एकदम लिहू नकोस.

तोवर मी लॅपटॉप दोन्ही हातांनी अप्पांच्या डोळ्यांसमोर धरून बसते. सकाळी एक फीत, दुपारी एक. सगळ्या फितींत घर आहे, आई आहे, तुळशीपाशी झोपलेलं मांजरसुद्धा आहे. तू नाहीस. तू कायम कॅमेऱ्यामागे. नुसता आवाज येतो, "आई, जरा हस की." अप्पांना एक फीत विशेष आवडते. ते पेपर वाचत बसलेत, तू म्हणतोस, "अप्पा, इकडे बघा," आणि ते पेपरातून डोकं न काढता म्हणतात, "काय बघायचंय? आधी पुस्तकात बघ." मागे आईचं हसू. संपलं. इतकीच आहे.

तू म्हणशील, एवढं आहे तर शिरवळला येऊन समोर बोल. मला सांगलीपलीकडे घर सोडून जाता येत नाही. का, तेही लिहिता येत नाही. अबोलीचा नंबर बदलला आहे. तेव्हा माझ्याजवळ टपालखातं आणि हंबीरराव, एवढेच मार्ग आहेत.

उमाताई


माधवनगर,
२९ डिसेंबर २०२५

शौनक,

मागच्या पत्राला उत्तर आलं नाही. पोर्टांवर विचार करत असशील.

लग्नात नवरीला अरुंधती दाखवतात तेव्हा ती चटकन दिसत नाही. म्हणून आधी शेजारचा ठळक तारा दाखवायचा, मग म्हणायचं, तो नव्हे, त्याच्या बाजूचा बारीक बघ. दोन महिने मी तुला ठळक तारा दाखवते आहे, आणि तू मला त्याचं कॉन्फिगरेशन लिहून पाठवतोस.

मी शपथेत आहे. गणपतीनंतर मिरजेच्या दवाखान्यात अप्पांनी मला गळ्याची शपथ घातली, शौनकला माझ्याविषयी एक अक्षर कळवायचं नाही. "मेल्यावर फोन करता म्हणाला होता. मग आता जगायला बोलावू नकोस. आपणहून आला तर मुलगा, बोलावल्यावर आला तर पाहुणा." जीभ जड होती, पण वाक्यं तयार होती. मी त्यांना सांगितलं, हे चुकतंय, आईच्या वेळी केलं तेच आपण पुन्हा करतोय. म्हणाले, "तेव्हा तिची इच्छा होती. आता माझी आहे."

गळ्याची शपथ मोडली की त्या गळ्याला काही होतं, असं मी मानत नाही. संस्कृत शिकवते म्हणून सगळंच मानावं लागतं असं नाही. पण गळा त्यांचा आहे, आणि त्यावर प्रयोग करून पाहायची माझी छाती नाही. शपथ घालणाराच ती मागे घेऊ शकतो. मी रोज विचारायचे, सोडवा. पुढच्या आठवड्यात बघू, म्हणायचे. मागे घ्यायची तर तोंडाने बोलावं लागतं, आणि गेल्या सोमवारपासून... पुढचं वाक्य मला पूर्ण करता येत नाही. शब्दशः.

मनुबाईंनी मात्र कसलीच शपथ घेतलेली नाही. आज कणीक मळता मळता म्हणाल्या, "ताई, मला लिवता येत न्हाई. मी सांगते, तुमी लिवा." तेव्हा खालचा मजकूर त्यांचा. मी नुसती लेखणी. लेखणीला गळा नसतो.

"दादा, मी मनुबाई. तुमी मला वळकत न्हाईसा आन् मी तुमास्नी. ताई कंपुटरचं कायबाय लिवत्यात, त्ये मला कळत न्हाई. गुर्जींचं उजवं अंग गणपतीपासनं ग्येलंय. हात न्हाई, पाय न्हाई. बशिवते मी, भरवते मी, सगळं मीच करते. त्येचं काय न्हाई, माझं कामच हाय त्ये. पर सोमवारी दुसरा झटका आला आन् वाचा बी ग्येली. दागदर म्हनतोय, आजून येक आला तर काय खरं न्हाई. ताई तुमचा शिनेमा दावत्यात, लॅपटाप धरून धरून हात भरून येत्यात त्येंचं. शिनेमात तुमी दिसत न्हाईसा, निस्ता आवाज येतोय. आवाज आला की गुर्जी त्या अंगाला मान वळवत्यात. दर बारीला. मी म्हनते, आवं गुर्जी, तकडं भित हाय. तरी बगत्यात. आता भितीकडं किती दिस बगू द्यायचं त्ये तुमी ठरवा. लय बोलले आसंन तर पोटात घाला."

मनुबाईंचा मजकूर संपला. अट पाळून मी सगळं अप्पांना वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटले. हे अनुमोदन की निषेध, याचा निर्णय मला करता आला नाही. पत्र टाकते आहे.

उमाताई


माधवनगर,
१७ जानेवारी २०२६

शौनक,

पुण्याहून येणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या गाडीतून खोकं आलं. ड्रायव्हर म्हणाला, शिरवळच्या नाक्यावर एका साहेबांनी दिलं, काच असल्यासारखं न्या म्हणाले. मला वाटलं होतं, खोक्याऐवजी साहेब उतरतील. मी स्टँडवर गाडीचं दार बंद होईपर्यंत उभी होते.

यंत्र मिनी आहे. तुझ्या कारखान्यातून निघालेलं दिसतं, मालमत्तेचा नंबर खरवडलाय. कान लावून ऐकलं. काही ऐकू येत नाही. मुद्दाम मेन स्विच बंद करून परत लावला, तर आपलं आपण उठून बसलं. घरात तेवढं एकच आहे आता.

आणि रिमोट. बटणं तीन, मोठी, डाव्या अंगठ्याखाली. मागे फोम चिकटवून तळव्यात बसेल असा केलायस. मनगटाची दोरी शिवून घेतलेली, आतून मऊ कापड, टोचू नये म्हणून. बटणांवर तीन रंगांच्या टिकल्या. त्यातली मधली वाकडी. ती तू लावलेली नाहीस, तू कधी काही वाकडं लावत नाहीस. जिने कोणी लावली तिला सांग, मधलीच बरोबर सापडते.

तू सगळं वाचलंस. दोरीपर्यंत. आणि तरीही आला नाहीस. ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी कशी, हे मला जमवता येत नाही. जमवायचा प्रयत्न दुपारपर्यंत केला, मग भात लावला.

खोक्याच्या तळाशी एक छोटा कॅमेरा निघाला, आणि चिठ्ठी. ती या खेपेस हाताने लिहिली आहेस, त्याबद्दल धन्यवाद. "डिस्क एकेक करून जोडाव्यात, बाकी आपोआप. कॅमेरा पलंगाच्या पायथ्याशी, तोंड पलंगाकडे. दिवा लागला की चालू आहे असं समजावं." तीन डिस्क उतरल्या. चौथी नुसती टकटक करते, उघडत नाही. दुसरी प्रत आपण कधी केलीच नव्हती. पेपरवाली फीत तिसऱ्या डिस्कवर होती, म्हणून वाचली.

हंबीररावांना सांगायला गेले, मशीन मिळालं. त्यांनी काळी मिनी माझ्यासाठी बाजूला ठेवली होती.

"कुनाकडनं घेतलं?"

"भावाचं आहे."

"मग त्याला वारंटी न्हाई," हंबीरराव म्हणाले, आणि चहा मागवला.

कॅमेरा लावला आहे. तुझ्या नजरेला आमचं घर कसं दिसतं मला माहीत नाही. उशीचा अभ्रा बदलला आहे.

उमाताई


माधवनगर,
३ फेब्रुवारी २०२६

शौनक,

कॅमेऱ्यावरचा दिवा दुपारी लागतो. तुझी जेवणाची सुट्टी असावी. हिरवा, मोहरीएवढा. तू काही बोलत नाहीस, आम्हीही काही बोलत नाही. पहिल्या दिवशी मी पदर सारखा केला आणि नंतर माझं मलाच हसू आलं. मनुबाईंना मात्र संकोच नाही. दिवा लागला की त्या ओला पंचा घेऊन धावतात, "आवं गुर्जी, दादा बगत्यात, त्वांड पुसू द्या की!" आणि अप्पा, जे माझ्याकडून एरवी तोंड पुसू देत नाहीत, ते हनुवटी वर करतात. दिवा गेला की मान खाली.

हे तुला दिसलं असेलच. मी लिहिते आहे ते न दिसलेलं.

काल टीव्ही बंद होता. मनुबाई पेज भरवत होत्या. दिवा लागला, आणि यंत्रातून तुझा आवाज आला. "अप्पा, इकडे बघा."

मला आधी वाटलं, अंगठा लागून फीत सुरू झाली. अप्पांनाही तेच वाटलं असणार. त्यांनी मान वळवली आणि वाट बघायला लागले. तुझी नाही. त्यांना ती फीत पाठ आहे. तुझ्या वाक्यानंतर त्यांचं वाक्य येतं, मग आईचं हसू. ते स्वतःच्या आवाजाची वाट बघत होते. तो येईना. टीव्ही काळाच. मनुबाईंचा चमचा हवेत. मीही उभी राहिले. एवढी वर्षं शब्दांवर पोट भरलं, आणि हवा तेव्हा एक सापडला नाही. "शौनक, थांब," एवढं म्हणायचं होतं.

तू थोडा वेळ थांबलास. मग दिवा गेला.

तुला वाटलं असेल, त्यांना ऐकू आलं नाही, किंवा ओळख राहिली नाही. म्हणून हे लिहायला बसले.

दिवा गेल्यावर त्यांचा जबडा हलायला लागला. मनुबाई म्हणाल्या, "पानी पायजे का?" त्यांनी डाव्या हाताने चमचा लोटला, पेज पांघरुणावर सांडली. "का," म्हणाले. मग काहीच नाही. डोळ्यांतून पाणी, ते झटक्यापासून येतंच, त्याचा अर्थ लावू नये असं डॉक्टर सांगतात. पुन्हा "का". पांघरूण बदलून झालं, चहाची वेळ झाली, रस्त्याने उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून गेले. अप्पा कॅमेऱ्याकडे बघत होते. भिंतीकडे नाही. आणि मग, घसरत, पण पुरतं, "काय बघायचंय."

प्रश्नचिन्ह मी घातलेलं नाही, आवाजात ते उमटलं नाही. पण प्रश्नच होता. मनुबाई हातातलं भांडं ठेवून खालीच बसल्या. मी म्हटलं, अप्पा, तो गेला. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. अंधार पडेपर्यंत ते त्या विझलेल्या मोहरीकडे बघत होते. फितीत पुढे "पुस्तकात बघ" असं आहे. तेवढं अप्पा म्हणाले नाहीत. विसरले असतील, किंवा नको असेल.

आज दुपारी दिवा लागला नाही. उद्या लागेल की नाही, ते मला इथून करता येण्यासारखं नाही. इथून करता येण्यासारखं आता काहीच उरलेलं नाही, कॉम्प्युटरसुद्धा घेऊन झाला. एकच सांगते. पुन्हा बोललास तर लगेच जाऊ नकोस. त्यांना एक वाक्य जुळवायला सगळी दुपार लागते.

हे पत्र अप्पांना वाचून दाखवलं. सगळं. झटका, पेज, चमचा, डोळ्यांतलं पाणी. पूर्वीसारखं खोडायचं असेल म्हणून पेन त्यांच्या डाव्या हातात दिलं आणि कागद फळीवर धरला. बराच वेळ पेन कागदावर टेकून होतं.

खाली जी वाकडी रेघ आहे ती त्यांची. ती खोडणी नाही. खोडायला वर ओळी भरपूर होत्या.

ताई